शिवणीतली माया

बुधवार, 19 ऑक्टोबर 2022. संध्याकाळचे साडेसात, म्हणजे अमेरिकेतल्या क्लायंटकडचे सकाळचे नऊ. परवा वसुबारस आणि परवाच आमचा स्प्रिंट, म्हणजे दोन आठवड्यांचा कामाचा टप्पा, संपणार होता. टीममधल्या निम्म्या पोरांनी शुक्रवार रात्रीच्या बसची तिकिटं काढून ठेवली होती. कुणी लातूरला निघालेला, कुणी नांदेडला, एक जण पार गडचिरोलीला. मी स्वतः कराडची. कॉल संपत आला होता, निरोप घ्यायला माइकही उघडला होता, आणि पलीकडून क्लायंटची प्रॉडक्ट ओनर, म्हणजे काय बनवायचं ते ठरवणारी बाई, म्हणाली, "अजून एक. अगदी छोटीशी गोष्ट आहे."

सॉफ्टवेअरच्या या धंद्यात बारा वर्षं काढली की हे वाक्य कानानं नाही, पोटानं ऐकू येतं.

काम कशाचं होतं ते आधी सांगते. अमेरिकेत बहुतेक नोकरदारांना आरोग्य विमा कंपनीमार्फत मिळतो. वर्षातून एकदा, बऱ्याच ठिकाणी दिवाळीच्या आसपास, काही आठवड्यांची खिडकी उघडते. त्या मुदतीत पुढच्या वर्षाची योजना निवडायची. निवडली नाही तर पुढे वर्षभर सहसा बदलता येत नाही. आमचं पोर्टल त्या निवडीसाठी होतं, आणि क्लायंटच्या बऱ्याच गिऱ्हाइकांची खिडकी 1 नोव्हेंबरला उघडणार होती. शेवटच्या पानावर लिहिलेलं असायचं: तुमचा हप्ता, दरमहा इतके डॉलर.

छोटीशी गोष्ट अशी होती, की दरमहाऐवजी दर पगारामागे किती कापले जातील तो आकडा दाखवायचा. महिन्याचा आकडा बघून लोक दचकतात म्हणे. "फक्त लेबल बदलायचं आहे, हो ना?"

'शुअर' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. खोटं कशाला बोलू? थकलेला माणूस 'नाही' म्हणत नाही, 'हो' म्हणतो. 'हो' म्हटलं की कॉल संपतो. एवढ्यात आमची टेस्टर बोलली. टीममध्ये येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते आणि कॉलवर ती सहसा तोंड उघडत नसे. तिनं विचारलं, "पण कुठला पगार?"

लाइनवर शांतता.

तिचा प्रश्न वरवर बाळबोध वाटेल. आपल्याकडे पगार महिन्याला होतो, त्यामुळे आपल्याला तो सुचतच नाही. तिकडे कुणाचा दर दोन आठवड्यांनी होतो, म्हणजे वर्षाला 26 पगार. कुणाचा महिन्यातून दोनदा, म्हणजे 24. कुणाचा दर आठवड्याला, म्हणजे 52. महिन्याला 250 डॉलरचा हप्ता धरा. वर्षाचे झाले 3000. त्याला 24 नं भागलं तर बरोबर 125. पण 26 नं भागलं तर 115.38 आणि पुढे शेपूट. 115.38 ला 26 नं गुणून पाहा, 2999.88 येतात. बारा सेंट गेले कुठे? बारा सेंटची चूक किरकोळ वाटते, पण पगारातल्या कपातीचा आकडा न जुळल्याच्या शे-दोनशे तक्रारी एका सकाळी आल्या की ती किरकोळ राहत नाही. शिवाय कोणत्या कंपनीत किती पगार होतात ही माहिती आमच्याकडे होतीच कुठे? ती पेरोलच्या, म्हणजे पगार काढण्याच्या, दुसऱ्याच प्रणालीत बसलेली.

फक्त लेबल!

त्या शांततेत मला आई आठवली. कारण सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

माझी आई ब्लाउज शिवायची. कराडच्या शनिवार पेठेत आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. पाटी नव्हती, पण लग्नसराईत दाराशी चपलांचा ढीग असायचा. एक पायमशीन, एक लाकडी टेबल, खुंटीवर टेप, आणि मापांची एक लांबट वही, जिच्यात अर्ध्या पेठेच्या बायकांची छाती-कंबर नोंदलेली होती आणि जी आम्हा मुलांना उघडायला सक्त मनाई होती. शेवटच्या क्षणी बदल मागणारं गिऱ्हाईक म्हणजे काय, हे मी कॉम्प्युटरचं तोंड बघण्याच्या कितीतरी आधी शिकले. "वहिनी, तेवढा गळा जरा खाली घ्या की." "वहिनी, बाही कोपरापर्यंत म्हणाले होते ना मी, आता मेगा स्लीव्ह करता येतील का?" हे सगळं हळदीच्या आदल्या संध्याकाळी.

आई चिडायची नाही. नाही कशी, चिडायची, पण गिऱ्हाईक गेल्यावर. समोर मात्र ती पहिल्यांदा एकच पाहायची, कापड कुठल्या टप्प्यावर आहे. नुसता खडू लागला असेल तर हसून मान डोलवायची. खडू झटकता येतो. कात्री लागली असेल तर ब्लाउज हातात घेऊन गप्प बसायची. गळा खाली घेता येतो, वर घेता येत नाही. लांब बाही आखूड होते, आखूड बाही लांब होत नाही. आणि शिवून झाला असेल तर ती तो उलटा करायची आणि बाजूची शिवण बोटांनी चाचपायची. आत किती माया आहे ते बघायला.

ज्यांना शिवणकाम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. कापड बेतताना मापापेक्षा थोडं जास्त घेतात आणि ते शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. पुढे अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्या जास्तीच्या कापडाला माया म्हणतात. जीव लावण्याला आणि गाठीच्या पैशालाही आपण तोच शब्द वापरतो. ज्या कुणी पहिल्यांदा वापरला असेल, तिला शिवता येत असणार.

आता आमच्या धंद्यातली माया बघा. एस्टिमेट मागतात. पोरगा मनात म्हणतो सहा दिवस, सांगतो आठ. लीड म्हणून मला ठाऊक असतं की त्यानं दोन वाढवलेत, म्हणून मी सात लिहिते. माझ्या मॅनेजरला ठाऊक असतं की मीही वाढवलं असणार, म्हणून तो पाच म्हणतो. विक्रीवाला क्लायंटला चार सांगून मोकळा झालेला असतो, कारण समोरची कंपनी साडेचार म्हणाली होती. एकमेकांवर संशय घेत घेत आम्ही सगळी माया कापून टाकतो आणि मग शेवटच्या गुरुवारी 'जरा सैल करा' अशी मागणी आली की शिवण चाचपत बसतो. आत काहीच नसतं. तेव्हा कापड कुठून येतं? पोरांच्या झोपेतून येतं. शनिवारातून येतं. टेस्टिंगचे दोन दिवस अर्ध्या दिवसात बसवण्यातून येतं.

मी याची किंमत मोजली आहे. नोकरीचं दुसरं-तिसरं वर्ष, वेगळी कंपनी, वेगळा क्लायंट. शुक्रवारी दुपारी मागणी आली: एका ड्रॉपडाउनमध्ये चार पर्याय आहेत, पाचवा वाढवा. दहा मिनिटांचं काम. मीच केलं, मीच तपासलं, रात्री चढवलं आणि घरी येऊन पिठलं-भात खाऊन झोपले. रविवारी रात्री चालणारा एक रिपोर्ट होता, तो कुणीतरी चारच पर्याय धरून लिहिलेला. पाचवा आला तशी पुढची सगळी रकान्यांची रांग एक घर सरकली. सोमवारी पलीकडच्या मोठ्या साहेबांनी तो रिपोर्ट मीटिंगमध्ये पडद्यावर लावला. पुढचं सांगत नाही. एवढंच सांगते, की बदल मागणाऱ्याचं नाव त्या दिवशी कुणीही घेतलं नाही, माझं मात्र सगळ्यांना पाठ झालं.

बरं, क्लायंटला दोष द्यावा तर त्यांच्या हातात पोथी आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये युटा राज्यात स्नोबर्ड नावाच्या स्कीइंगच्या ठिकाणी 17 जण जमले आणि त्यांनी अजाईलचा, म्हणजे थोडं थोडं करत, बदल सामावून घेत सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. त्या जाहीरनाम्यामागे 12 तत्त्वं आहेत. दुसरं तत्त्व म्हणतं की बदलत्या गरजांचं स्वागत करा, काम उशिराच्या टप्प्यावर असलं तरी. हे दुसरं तत्त्व प्रत्येक क्लायंटला तोंडपाठ असतं. एका कॉलवर मला ते अक्षरशः वाचून दाखवलं गेलंय, शाळेत फळ्यावरचा सुविचार वाचतात तसं. पण त्याच यादीत आठवं तत्त्व आहे: पैसे देणारे, काम करणारे आणि वापरणारे, सगळ्यांना एकाच चालीनं कितीही काळ चालत राहता आलं पाहिजे. आठवं तत्त्व वाचून दाखवणारा मला अजून भेटायचाय. आणि दुसऱ्या तत्त्वाचाही पुढचा अर्धा भाग लोक गिळतात. बदल कशासाठी, तर ग्राहकाला त्याच्या बाजारात वरचढ होता यावं यासाठी. म्हणजे 'यानं तुमचा नेमका काय फायदा होणार?' असं विचारणं हा उद्धटपणा नाही, त्या पोथीतच लिहिलेलं आहे.

स्क्रम म्हणजे स्प्रिंट पाडून काम करायची अजाईलमधली पद्धत. तिचा नियम तर अजून सरळ. स्प्रिंटचं जे उद्दिष्ट ठरलंय ते धोक्यात येईल असा बदल मधेच करायचा नाही. कामाची व्याप्ती मात्र प्रॉडक्ट ओनरशी बोलून कमीजास्त करता येते. बोलून, हा महत्त्वाचा शब्द. 2011 मध्ये स्क्रम गाइडमधून, म्हणजे या पद्धतीच्या नियमपुस्तकातून, स्प्रिंटच्या कामापुरता 'कमिटमेंट' हा शब्द काढून 'फोरकास्ट' घातला गेला. वचन नाही, अंदाज. आमच्याकडे मात्र ठराविक किमतीचा करार, ठरलेली तारीख, ठरलेलं काम, आणि वरून अजाईलचं अस्तर. दर दोन आठवड्यांनी वचनच मागतात, आणि तेही एक्सेलमध्ये.

आईकडे परत येते, कारण तिनं एक युक्ती शोधून काढली होती, जी मला पुढे कुठल्याच सर्टिफिकेशनमध्ये सापडली नाही.

शेवटच्या क्षणीचे बदल कोण सुचवतं याचा तिचा अभ्यास होता. नवरी नाही. नवरी बिचारी जे द्याल ते घालते. बदल यायचा ट्रायलनंतर, ब्लाउज घरी गेल्यावर, जेव्हा तो आत्याबाई नाहीतर होणारी सासू पहिल्यांदा बघायची. "मागं एवढा उघडा? आमच्यात चालत नाही." की आला परत. एका लग्नसराईत असे सात ब्लाउज परत आले, तेव्हापासून आई माप घेतानाच विचारायला लागली, "घरात शेवटचा शब्द कुणाचा?" पोरी हसायच्या. आई हसायची नाही. "त्यांना ट्रायलला घेऊन ये. नाही आणलंस तर मी काज-बटण करणार नाही." आणि ती करत नसे. हुक लावायची शेवटची पायरी ती अडवून धरायची.

माझ्या अनुभवात शेवटच्या आठवड्यातले निम्म्याहून जास्त बदल या सासूकडूनच येतात. बाजार बदलला, कायदा बदलला, प्रतिस्पर्ध्यानं काही नवं आणलं, असे खरेखुरे बदल कमी. ते आले तर मी विनातक्रार रात्र जागेन. बहुतेक वेळा घडतं असं, की सहा महिने प्रॉडक्ट ओनर दर डेमोला मान डोलावते आणि रिलीजच्या चार दिवस आधी तिची वरिष्ठ उपाध्यक्ष का कोण ती स्क्रीन पहिल्यांदा बघते. तिला निळा रंग पटत नाही. आपण त्याला 'चेंज रिक्वेस्ट' म्हणतो. खरं तर ती उशिरा झालेली पहिली ट्रायल असते.

आपल्या लोकांचंही यात चुकतं, हे लिहायला हवं. आपण डेमो असा करतो की त्यात कुणाला काही विचारताच येऊ नये. भराभर स्क्रीन फिरवायच्या, नकोशा जागी जाऊ नये म्हणून ठरलेलं नावच टाइप करायचं, आणि दहा मिनिटं आधी संपवून सगळ्यांना वेळ 'परत द्यायचा'. ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकाला आरसा न दाखवता घरी पाठवण्यातला हा प्रकार.

तर त्या बुधवारी. शांतता फोडत मी प्रॉडक्ट ओनरला विचारलं, "हे कुणी सांगितलंय?" शब्द अर्थातच गुळगुळीत करून. दोन मिनिटं इकडचं-तिकडचं झाल्यावर कळलं की त्यांच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाच्या एचआर प्रमुखानं मंगळवारी पहिल्यांदा ते पान पाहिलं होतं. सासू! मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. कारण आता प्रश्न शेकडो कंपन्यांचा नव्हता, एका कंपनीचा होता. त्या कंपनीत पगार वर्षाला 26 होतात, हे प्रॉडक्ट ओनरला ठाऊक होतं.

मग आम्ही आत्तापर्यंत फारसं कधी न केलेलं एक काम केलं. स्प्रिंटमध्ये उरलेल्या सगळ्या गोष्टी पडद्यावर मांडल्या आणि तिला म्हटलं, हे बसवायचं तर यातलं काय काढू, तुम्ही सांगा. नाही म्हटलं नाही आणि हो ही म्हटलं नाही. ती बराच वेळ बघत राहिली. सारांशाची पीडीएफ उतरवून घेण्याची सोय होती, ती तिनं बाजूला ठेवली. ती सोय महिनाभरापूर्वी तिनंच 'अत्यावश्यक' म्हणून लिहून दिली होती, पण असं बोलून दाखवायचं नसतं.

गुरुवारी एका पोरानं हिशोब लिहिला. आकड्यापुढे 'अंदाजे' घातलं, कारण शेवटचे सेंट जुळवायचं काम पेरोलचं. आणि सगळं एका फीचर टॉगलमागे ठेवलं. टॉगल म्हणजे साधा खटका. त्या एका कंपनीसाठी चालू, बाकी सगळ्यांना जुनंच पान. काही बिघडलं तर नवीन कोड न चढवता खटका बंद करायचा. हा आमचा कच्चा टाका. आई ट्रायलचा ब्लाउज नेहमी लांब-लांब धावदोऱ्यानं जोडायची, एक टोक ओढलं की सुटून हातात. पक्की टीप नंतर.

शुक्रवारी संध्याकाळी डेमो झाला, एचआर प्रमुखबाई स्वतः हजर होत्या, सगळं छान. टीम साडेआठला मोकळी झाली. गडचिरोलीवाल्याची बस वाकडच्या पुलाखालून सुटायची होती आणि हिंजवडीतून वाकडला पोचणं हा शुक्रवारी वेगळाच प्रकल्प असतो, पण त्याला मिळाली. मला कराडला पोचायला रात्रीचा एक वाजला. अंगणातली वसुबारसेची रांगोळी तेवढ्यात दोन-तीन जणांच्या पायांनी पुसली होती.

इथेच गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती. अशा यशोगाथा लिंक्डइनवर पुष्कळ असतात.

1 नोव्हेंबरला संध्याकाळी, म्हणजे खिडकी उघडल्याच्या पहिल्या सकाळी, फोन आला. त्या पानाची स्पॅनिश आवृत्ती होती. आकडा तिथेही बदलला होता, कारण हिशोब एकच. पण भाषांतराची फाइल वेगळी, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्यामुळे स्पॅनिश वाचणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिसत होतं: तुमचा हप्ता, अंदाजे 115.38 डॉलर, दरमहा. निम्म्याहून कमी किमतीत विमा! त्या सकाळी काहींनी आनंदानं महागडी योजना निवडलीसुद्धा. आम्ही चार मिनिटांत खटका बंद केला. तासाभरात भाषांतर दुरुस्त करून, तपासून पुन्हा चालू केलं. ज्यांनी तेवढ्या वेळात निवड केली होती त्यांना क्लायंटनं एकेकाला मेल पाठवून पुन्हा बघायला सांगितलं. मुदत बरीच बाकी होती म्हणून निभावलं.

टेस्टर रडवेली झाली होती. तिला वाटत होतं चूक तिची. मी तिला म्हटलं, "अगं, 'कुठला पगार' हे तू विचारलंस. 'कुठली भाषा' हे विचारायचं काम माझं होतं." हे मी तिच्या समाधानासाठी म्हटलं नव्हतं. खरंच माझं होतं. एका रात्रीच्या बदलात दोन प्रश्न विचारायला हवे होते, आम्हाला एक सुचला. दोन दिवस जास्त असते तर दुसराही सुचला असता असं मला वाटतं. माया म्हणजे नुसते जास्तीचे तास नसतात, डोकं शांत ठेवून उलट्या बाजूनं शिवण बघायला मिळालेला वेळ असतो. तेव्हापासून मी प्रत्येक स्प्रिंटमध्ये दीड दिवस उघड-उघड मोकळा लिहिते. लपवत नाही. रकान्याचं नाव 'राखीव'. पहिल्या तीन वेळा मॅनेजरनं तो खोडला, मी पुन्हा लिहिला. आता खोडत नाही. मात्र महिन्यातून एकदा विचारतो, की हा वाया जात असेल तर काही बसवायचं का त्यात.

आईनं आता बाहेरचं काम घेणं बंद केलंय. सुई ओवायला नातू लागतो. गेल्या दिवाळीत मी कपाटातून लग्नातला ब्लाउज काढला, हिरवा, जरीकाठाचा, तिनंच शिवलेला. घालून बघितला तर हुकांची टोकं एकमेकांना बघत होती, भेटत नव्हती. नवा शिवायला वेळ नव्हता, संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मी तो घेऊन तिच्यापुढे उभी राहिले. तिनं चष्मा लावला, ब्लाउज उलटा केला आणि बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवला.

"दुपारी चारला सांगतीस?"

मी काही बोलले नाही.

तिनं ब्लेडनं एक टीप उसवली. आतलं कापड बाहेर आलं. बाहेरचं हिरवं उन्हानं, धुण्यानं फिकटलं होतं, आतलं अजून लग्नातल्यासारखं गर्द. तिनं दुसऱ्या बाजूचीही उसवली, मशीनवर बसली, पाच मिनिटांत दोन्ही टिपा मारल्या आणि दोरा दातानं तोडला.

"एकदाचीच राहिलीय आता," ब्लाउज माझ्या हातात देत ती म्हणाली, "सांगून ठेवते."